कपाटावरचं डोंगल

माझं तोंड वाईट आहे, हे मी आधीच सांगून टाकते. आमच्या नायगावच्या चाळीत कुणालाही विचारा, तिसऱ्या मजल्यावर फटकळ कोण, तर माझ्या दाराकडे बोट दाखवतील. मला त्याचं काही वाटत नाही. पण एकदा मी अशी तोंडघशी पडले की महिनाभर मला आरशात बघवेना, आणि तेही एका नखाएवढ्या वस्तूपायी. ती वस्तू आजही आमच्या लोखंडी कपाटावर पडलेली असते. काम करताना मान वर केली की तिचा निळा दिवा लुकलुकताना दिसतो आणि माझं डोकं फिरतं.

मी टाइपिंग करते. गिरगावातल्या एका छापखान्यात माझी सव्वीस वर्षं गेली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, पुण्यानुमोदनाची कार्डं, काय म्हणाल ते मी कॉम्प्युटरवर लावून दिलंय. मग शेठला सुचलं की छापखान्याची पुढची खोली कपड्याच्या दुकानाला द्यावी. मशीन मागच्या खोलीत राहिलं आणि मी बाहेर. शेठ म्हणाला, "बाई, तुम्ही घरूनच करा. कॉम्प्युटर घेऊन जा." भंगारात जायच्या लायकीचा तो डबा त्याने माझ्या गळ्यात मारला आणि वर उपकार केल्यासारखा चेहरा केला.

वर्षभर मी फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून बसने गिरगावात नेऊन देत होते. गुडघे दुखायला लागले तरी नेत होते. एक दिवस शेठ म्हणाला, "आता हे पेनड्राइव्ह बंद करा बाई. चारच्या आत मेल यायला पाहिजे, तर त्याच दिवशी प्लेट निघते. तुम्हाला जमत नसेल तर कुर्ल्याचा एक माणूस आहे, तो घरून पाठवतो." सव्वीस वर्षं केलेल्या कामाची ही किंमत. ह्यांची बसवरची ड्रायव्हरची नोकरी तोवर संपली होती आणि घर माझ्या टाइपिंगवर चाललं होतं. ते गेलं असतं तर पन्नाशीनंतर मला कोण उभं करणार होतं? मोबाइलवरून पाठवायचं म्हणाल, तर माझा फोन बटणांचा, ह्यांचाही बटणांचा. आणि तो भंगार कॉम्प्युटर इतका जुना की त्याला हवेतून नेट घेताच येत नव्हतं.

घरात नेट नव्हतं असं नाही. होतं. पण ते कपाटाच्या पलीकडे होतं, आणि तिथे माझी जाऊ राहते.

हे कपाटाचं नीट सांगते. आमची खोली एकच. दोन भावांची लग्नं झाली तेव्हा सासऱ्यांनी मधोमध लोखंडी कपाट उभं केलं आणि बाजूला एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट ठेवली. दाराकडची बाजू आमची, खिडकीकडची दिराची. दीर आखातात कामाला, त्यामुळे तिकडे जाऊ एकटीच. तिला बाहेर जायचं तर माझ्या बाजूने जावंच लागतं. मोरीही माझ्याच बाजूला. मला मात्र तिच्या बाजूला जायची कधी गरज पडत नाही, आणि सहा वर्षं मी तिथे पाय ठेवला नव्हता. ती लोअर परळच्या एका ऑफिसात डेटा एन्ट्री करते. दिराला व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून तिने खिडकीपाशी नेटचा डबा बसवून घेतलेला.

सासूबाई एक महिना आमच्याकडे, एक महिना तिच्याकडे. एक तारखेला त्या उशी, चादर आणि औषधांची पिशवी घेऊन कपाटाला वळसा घालतात. चार पावलांचा प्रवास. ह्यांनी त्याला नाव ठेवलंय, आईची बदली.

आणि सहा वर्षं अबोला. अबोला म्हणजे आम्ही बोलत नव्हतो असं नव्हे, उलट दिवसभर बोलत होतो, फक्त एकमेकींशी नाही. मला तिला काही सुनवायचं असलं की मी सासूबाईंना हाक मारायची, "आई, तिला सांगा, मोरीत केस टाकू नये." कपाट छतापर्यंत पोचत नाही, वरून हातभर फट आहे, त्यामुळे पलीकडे सगळं ऐकू जातंच. मग तिकडून आवाज यायचा, "आई, त्यांना सांगा, केस माझे नाहीत, माझे काळे आहेत." सासूबाईंना मध्ये काही बोलावं लागत नसे. त्या तांदूळ निवडत बसायच्या.

अबोला कशावरून झाला ते सांगते. सासरे गेले तेव्हा त्यांच्या पुण्यानुमोदनाचं कार्ड मीच लावलं. घरचं काम, दुसऱ्या कुणाला कशाला द्यायचं? वर सासऱ्यांचं नाव, मग वेळ, बुद्धवंदना, धम्मदेसना, भोजन, आणि खाली निमंत्रकांची यादी. कार्ड छापून आलं, नातेवाइकांत वाटलं गेलं, आणि जावेने भर खोलीत, पन्नास माणसांसमोर विचारलं, "ताई, यात माझं नाव कुठे आहे?" मी म्हणाले, "जागा नव्हती. शेवटची ओळ बसेना." ती म्हणाली, "लांबच्या मामेसासऱ्यांचं बसलं, माझं बसलं नाही?" मी म्हणाले, "तुला टाइपिंगमधलं काय कळतं?" झालं. त्या दिवसापासून तिने मला ताई म्हणणं सोडलं.

एक सांगायचं राहिलं. शेवटचे तीन महिने सासरे तिच्याच हातची पेज घ्यायचे. मी चमचा पुढे केला की तोंड फिरवायचे. या घरात मी तिच्या आधी अकरा वर्षं आले, गिरणी बंद पडल्यावर त्यांना दारूतून बाहेर काढण्यात माझी हाडं झिजली, आणि शेवटी गोड कोण झालं, तर ती. ते असो.

तर अशा बाईकडे मी नेट मागायला जाणार नव्हते, मेले तरी नाही. मी सरळ लॅमिंग्टन रोडवर गेले. पूर्वी आमच्या छापखान्यात एक डोंगल होतं. आत सिमकार्ड असलेली काडी, कॉम्प्युटरला खोचली की नेट चालू. मला डोंगल म्हटलं की तेवढंच ठाऊक. दुकानदाराला म्हटलं, "जुन्या कॉम्प्युटरला नेट पाहिजे, डोंगल द्या." त्याने काउंटरखालून एक पाकीट काढलं. आत काय, तर शर्टाच्या बटणाएवढा काळा तुकडा आणि बशीच्या खळग्याएवढी छोटी सीडी. मी म्हटलं, "एवढंसं?" तो म्हणाला, "आजकल छोटाच येतो, बाई. लगाओ और भूल जाओ." मी विचारलं, महिन्याला किती भरायचं? तो हसला, "महिने का कुछ नहीं. एक बार लिया, हो गया." मला वाटलं, जग किती पुढे गेलं. आणि पलीकडची बया महिन्याच्या महिन्याला बिल भरते. मला इतका आनंद झाला की परतताना मी चर्नी रोडच्या बसस्टॉपवर उभ्या उभ्या एकटीच हसत होते.

घरी येऊन सीडी घातली, पुढे पुढे दाबत गेले, तो तुकडा सीपीयूच्या मागे खोचला. कोपऱ्यात घड्याळाशेजारी एक छोटं चित्र आलं आणि त्यावर लाल फुली. तासभर मी ती फुली बघत बसले. काढून परत खोचलं. पदराने पुसून खोचलं. दुसऱ्या भोकात खोचलं. फुली जाईना. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. शेवटी शेठला फोन केला. सव्वीस वर्षांत मी त्या माणसाशी कधी खालच्या आवाजात बोलले नव्हते, पण त्या दिवशी म्हणाले, "शेठ, दोन दिवस द्या. एवढं काम काढून घेऊ नका. मी करते काहीतरी." फोन ठेवला आणि मला रडू आलं. रडले म्हणजे हुंदके देऊन रडले. घरात सासूबाईंशिवाय कुणी नाही असं मला वाटत होतं. पलीकडे जाऊ त्या दिवशी सुट्टीवर होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले. ओळखीच्या कोळणीकडून बोंबील घेतले, तिच्याशी भावावरून वाद घातला, त्यात अर्धा तास गेला. परत येऊन मासे धुतले, हात पुसले आणि सहज कॉम्प्युटर लावला. फुली नव्हती. तिथे शिडीसारख्या पायऱ्या आल्या होत्या. मेल उघडला, शेठला फाइल टाकली, गेली. मी लगेच समजले. नवं सिम घेतलं की चालू व्हायला एक दिवस लागतोच. तसंच हे. उगाच रडले मी.

मग माझ्या अंगात जे आलं ते आठ महिने उतरलं नाही. रोज फाइल पाठवली की मी मोठ्याने म्हणायची, "गेली हो आई, एका मिनिटात गेली." कधी म्हणायची, "आई, काही लोकांना महिन्याला पैसे भरावे लागतात, तेव्हा कुठे चार चित्रं दिसतात. आपलं एकदाच. कुणाचा मिंधेपणा नको." पलीकडून उत्तर यायचं नाही. मला वाटायचं, नाकाला मिरच्या झोंबल्या असणार. सासूबाई तांदळातले खडे बोटांनी बाजूला करत राहायच्या, मान खाली घालून. एकदा त्या म्हणाल्या, "पुरे गं आता." मी म्हटलं, "का पुरे? माझं मी मिळवलंय."

मध्ये एकदा नेट कधी येई, कधी जाई असं व्हायला लागलं. सीपीयू टेबलाखाली, कपाटाला चिकटून. मी तुकडा पुढच्या भोकात घातला, थोडा फरक पडला. मग एक लांब वायर आणली, तिच्या टोकाला तुकडा लावून घरभर फिरवला. मोरीपाशी नाही, देवळीपाशी नाही. स्टुलावर चढून कपाटावर ठेवला तर सगळ्या पायऱ्या उभ्या. मी म्हटलं, हे टीव्हीच्या जुन्या अँटिनासारखं आहे, उंचावर धरलं की पकडतं. ह्यांना हाक मारून दाखवलं. ह्यांनी पेपरवरून बघितलं आणि म्हणाले, "वा." तेव्हापासून तो कपाटावर, फटीच्या अगदी तोंडाशी. तो तिकडे जावेच्या डब्याकडे तोंड करून बसला होता, पण हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

आता विजेचं. खोली एक, तर मीटरही एकच. बिल अर्धं अर्धं. पूर्वी जाऊ ऑफिसला निघताना तिच्या बाजूची सगळी बटणं बंद करून जायची, नेटच्या डब्याचं सुद्धा. कधीतरी माझ्या लक्षात आलं की ती गेल्यावरही फटीतून हिरवा उजेड छताच्या कडेला पडलेला असतो. डबा दिवसभर चालू. पलीकडे कुणी नाही, आणि डबा चालू. माझं डोकं सटकलं. त्या संध्याकाळी मी म्हणाले, "आई, तिला सांगा, बटण बंद करून जायला हात झिजतात का? अर्धं बिल आम्ही भरतो." सासूबाईच घाईघाईने म्हणाल्या, "असू दे गं, एवढ्याशा दिव्याला किती जळणार." मी म्हटलं, "एवढ्याशानेच घरं बुडतात." दुसऱ्या दिवशीही डबा चालू. तिसऱ्या दिवशीही. हे माझ्या तोंडावर मारल्यासारखं होतं. मला डिवचण्यासाठी मुद्दाम चालू ठेवते, अशी माझी खात्री पटली.

मग तो दिवस आला. शेठकडे मोठी लग्नपत्रिका आली होती, आठ पानी, दोन्हीकडच्या खानदानाची सगळी नावं, लहान मुलांची सुद्धा. शेठने सकाळीच बजावलं होतं, "चारला मशीन लागणार. पार्टी इथे येऊन बसलीय. उशीर झाला तर मी कुर्ल्याला देतो, आणि मग पुढचंही तिकडेच." मी सकाळपासून जेवले नव्हते. समोरची चाळ पाडायचं काम चालू होतं, ड्रिलच्या आवाजाने टेबल हलत होतं. तीन वाजता शेवटचं नाव तपासून झालं. पाठ सरळ करायला मी मान मागे टाकली आणि छताच्या कडेला तो हिरवा उजेड दिसला.

भूक होती, ड्रिल होतं, आणि वर ते. मी उठले. सहा वर्षांत पहिल्यांदा कपाटाला वळसा घातला. त्या महिन्यात सासूबाई तिच्याकडे होत्या. त्या खाटेवर बसून मेथी निवडत होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला. "काय गं?" तिची बाजू स्वच्छ होती, मला वाटलं होतं त्यापेक्षा स्वच्छ. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो, आणि फोटोच्या चौकटीत एक कार्ड खोचलेलं. मी ते लांबूनच ओळखलं. माझ्या हातचं काम मला ओळखू येणार नाही? तेच पुण्यानुमोदनाचं कार्ड, सगळ्यात खाली पिंपळाचं पान. सहा वर्षं तिने ते तिथे ठेवलं होतं. मी तिकडे बघायचं टाळलं आणि डब्याचं बटण खटकन बंद केलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते—" मी म्हटलं, "अर्धं बिल माझं आहे, आई."

परत येऊन मी फाइल लावली आणि पाठवायचं बटण दाबलं. गोल गोल फिरत राहिलं. मग कोपऱ्यात लाल फुली.

मला वाटलं, ड्रिलमुळे तुकडा हलला. स्टुलावर चढले, तुकडा काढला, फुंकर मारली, परत लावला. फुली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, त्याला उठायलाच दहा मिनिटं लागतात. फुली. सव्वातीन, साडेतीन. शेठचा फोन आला, "बाई, कुठे आहे?" मी म्हटलं, "जातेय, जातेय." पेनड्राइव्ह घेऊन बसने निघाले तरी चारच्या आत गिरगाव होणार नव्हतं. मी त्या तुकड्याला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या. शेवटी स्टुलावर उभी राहून मी कपाटाला डोकं टेकलं आणि म्हणाले, "संपलं. माझं काम गेलं आज."

फटीतून सासूबाईंचा आवाज आला. "तू मघाशी इथलं बटण बंद केलंस ना, ते परत चालू कर."

"त्याचा काय संबंध?"

"कर म्हणते ना."

"आई, माझं नेट वेगळं आहे."

"तुझं नेट कुठलं आलंय," सासूबाई म्हणाल्या. "वाद घालत बसू नको. वेळ जातोय."

मी उतरले, वळसा घातला, बटण दाबलं. डब्यावर लाल, पिवळे, मग हिरवे दिवे आले. त्याला किती वेळ लागतो म्हणून सांगू, माझा जीव टांगणीला लागला होता. परत येऊन बघितलं तर शिडीच्या पायऱ्या उभ्या. फाइल गेली तेव्हा चाराला आठ मिनिटं होती. शेठचा फोन आला, "मिळाली." मी फोन ठेवला आणि तशीच पलीकडे गेले.

सासूबाईंनी मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या आणि सांगितलं. मी रडले त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी बाजारात गेल्यावर, जाऊ कपाटाला वळसा घालून आली. माझा कॉम्प्युटर चालू केला, त्या तुकड्यात स्वतःचं नेट नव्हतंच, तो फक्त हवेतलं दुसऱ्याचं नेट पकडायचा; तिने यादीत स्वतःच्या डब्याचं नाव शोधलं, पासवर्ड टाकला. दोन मिनिटांचं काम. आणि तेव्हापासून ती ऑफिसला जाताना डबा चालू ठेवून जाते. सासूबाईंना म्हणाली, "सांगू नका. त्यांना कळलं तर त्या वापरणार नाहीत."

"पण का?" मी विचारलं.

"मीही विचारलं," सासूबाई म्हणाल्या. "ती म्हणाली, काम गेलं तर दिवसभर घरात बसून माझ्या नावाने बोटं मोडतील, त्यापेक्षा हे परवडलं."

मला कुणी सांगेल की हे ऐकून माझं मन भरून आलं असेल. मुळीच नाही. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. आठ महिने मी कपाटाच्या वरून तिला मिंधेपणाचं व्याख्यान देत होते, आणि ती तिच्याच डब्यावर मला पोसत गप्प बसली होती. प्रत्येक टोमणा मला आठवला, एकूणएक, मी कुठे उभी राहून मारला ते सुद्धा. भांडली असती तर बरं होतं. चार लोकांत माझं पितळ उघडं पाडलं असतं तरी चाललं असतं. मनात आलं, तो तुकडा खिडकीतून भिरकावून द्यावा. पण उद्याची फाइल होती. मी तो हातात घेतला आणि परत कपाटावर ठेवला. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी ती आली. नेहमीसारखी माझ्या बाजूने, मान खाली घालून, आडवी होऊन गेली. पलीकडे पर्स ठेवल्याचा आवाज आला. मी भाजीचा चाकू हातात घेऊन उभी होते.

"आई," मी म्हणाले, "तिला विचारा, मी भीक मागायला आले होते का?"

तिला कळलं. मग म्हणाली, "आई, त्यांना सांगा, भीक कुणी घातलेली नाही. मला घरात शांतता पाहिजे होती."

"आई, तिला म्हणावं, आठ महिने गंमत बघत बसलीस."

"गंमत कसली, आई. आठ महिने टोमणे ऐकत होते."

मी चाकू बाजूला ठेवला. ह्यांनी पेपर खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं, कारण भांडण असं अर्ध्यावर मी कधी सोडलं नव्हतं. सासूबाई खाटेवरून उठल्या, काठी घेतली. "मी काय टपालपेटी आहे का तुमची?" म्हणाल्या. "बोला तुमचं तुम्ही." आणि माझ्या बाजूने बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बसल्या. ह्यांनीही चपला घातल्या.

खोलीत आम्ही दोघीच राहिलो, मध्ये कपाट. पलीकडे तिने गॅस लावला. मला त्या फोटोतलं कार्ड दिसत होतं, मी इकडे उभी असूनही. सहा वर्षांत मी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की मलाच ती खरी वाटायला लागली होती. पण मी टाइपिंग करणारी बाई आहे. कुठल्या कार्डावर किती ओळी बसतात ते मला झोपेतून उठवून विचारा.

"जागा होती," मी कपाटाला म्हणाले.

मला वाटलं, गॅसच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.

"त्या कार्डावर. तुझं नाव बसत होतं. आधी मी ते लावलंही होतं. मग काढलं, आणि रिकामं दिसायला लागलं म्हणून तिथे पिंपळाचं पान टाकलं." माझा आवाज चिरकत होता आणि त्याचाही मला राग येत होता. "ते तुझ्याच हातची पेज घ्यायचे. मला ते सहन झालं नाही. बस."

तिने गॅस बारीक केला.

"माहीत आहे, ताई," ती म्हणाली. "कार्ड हातात आलं तेव्हाच कळलं होतं. पानाच्या दोन्ही बाजूंना केवढी जागा सुटली होती."

मी बरं म्हणाले आणि भाजी चिरायला बसले. सहा वर्षं मी तिला जागा नव्हती, जागा नव्हती म्हणून सांगत होते. ती सहा वर्षं ऐकून घेत होती, आणि त्यातले आठ महिने माझं नेट चालवत होती.